रिकाम्या सभागृहातली टाळी

त्यांना सगळे टाळीकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. सदतीस वर्षं ते शहरातल्या त्या जुन्या सभागृहात साउंडचं काम बघत होते. गायक बदलले, वाद्यं बदलली, खुर्च्यांची कापडं तीनदा बदलली. पण बाल्कनीच्या पाठीमागच्या काचेच्या खोलीत, मिक्सरसमोर बसलेला माणूस बदलला नाही.

टाळी म्हणजे हातांची नव्हे. कठीण लाकडाच्या दोन फळ्या होत्या, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला पकडायला दोन मुठी. उघडून एकदम मिटल्या की बंदुकीसारखा आवाज व्हायचा. सभागृहाच्या सुतारानं त्या बनवून दिल्या होत्या, काका नोकरीला लागले त्याच वर्षी. "घे, हात सुजवून घेऊ नकोस," असं म्हणून त्यानं त्या हातात ठेवल्या, आणि त्या दिवसापासून तो काकांनाच 'टाळ्या' म्हणू लागला. बाकीच्यांसाठी ते पुढं टाळीकाका झाले; सुतारासाठी शेवटपर्यंत टाळ्याच.

मैफिलीच्या दिवशी दुपारी चारला काका रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. झाडूवाल्या बायका झाडू थांबवायच्या, पंखे बंद व्हायचे. वर खोलीत टेपरेकॉर्डर सुरू करून ठेवलेला असायचा; त्याच टेपवर पुढं मैफल उतरायची. मग काका एकच टाळी वाजवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. टाळी भिंतींना, छताला, रिकाम्या खुर्च्यांना लागून परत यायची आणि विरून जायची. दोन सेकंदांचा खेळ. पण डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून छातीत पाणी झालंय का ते सांगतो ना, तसं काका त्या दोन सेकंदांत सभागृहाची तब्येत सांगायचे. मग वर खोलीत जाऊन नोंदवहीत आणि टेपच्या पुठ्ठ्यावर लिहायचे: तारीख, कलाकार आणि पुढं एक शेरा. बहुतेक वेळा 'ठीक'. कधी 'डावा दरवाजा थरथरतो', कधी 'सातव्या रांगेत खुर्ची बोलते'.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार ती वही वाचायचा आणि लिहिलं असेल तिथं जायचा. लिहिलं नसेल तर जायचा नाही. गिलाव्याच्या त्या जुन्या छताच्या वर जायचं म्हणजे तुळयांच्या मधून पोटावर सरपटत जावं लागे, धूळ नाकातोंडात. सुतार त्याला स्वर्गात जाणं म्हणायचा.

"तू लिही, मी स्वर्गात जातो," तो म्हणायचा. "तू लिहिलं नाहीस तर मी पृथ्वीवर बरा आहे."

अशी त्या दोघांची वाटणी होती. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं चढायचं. नियमाच्या पुस्तकात ती कुठं नव्हती, पण सदतीस वर्षं त्या पोरकट वाटणीवर सातशे लोकांच्या डोक्यावरचं छत सुखानं राहिलं होतं.

काकांच्या बायकोला तिकीटबाई म्हणत, कारण ती खालच्या खिडकीत तिकिटं विकायची. दोघांची ओळख तिथलीच. लग्नानंतर ती खिडकीत आणि ते वर काचेत. मध्ये दोन जिने. "आमच्या संसारात सातशे माणसं मध्ये असतात," असं ती लेकीला सांगायची.

काकांना मैफिली तारखांनी आठवत नसत, आवाजांनी आठवत.

एका भारी आवाजाच्या गायकाचा कार्यक्रम ऐन रंगात असताना वीज गेली. पंखे थांबले, माईक मेले. काका अंधारात जिना उतरून धावले, तेवढ्यात गायक म्हणाला, "बसा हो, मी आहे ना." आणि गाऊ लागला. चाळीस मिनिटं. सातशे माणसांनी खोकला दाबून धरला. काका बाल्कनीच्या पायरीवर बसून राहिले. त्यांच्या आयुष्यात ऐकलेला तो सगळ्यात चांगला आवाज, आणि त्यात त्यांच्या हाताचं काही नव्हतं. घरी जाताना ते बायकोला म्हणाले, "आज कळलं, आपण नसलो तरी चालतं."

ती म्हणाली, "मग उद्या उशिरा उठा."

एकदा एक आंधळा व्हायोलिनवादक आला. चार वाजता टाळी झाली तसा तो म्हणाला, "परत." परत झाली. मग काकांना त्यानं रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाला, "उजवीकडे वर एक खिडकी उघडी राहिलीय." सुतार बघायला गेला. होती. बोटभर. सुतारानं त्या म्हाताऱ्याच्या पायाला हात लावायचाच बाकी ठेवला. व्हायोलिनवादक काकांना म्हणाला, "खोली खोटं बोलत नाही. आपण ऐकायचं नाकारतो, ते वेगळं."

आणि ती म्हातारी गायिका. शेवटच्या गाण्याचं तिसरं कडवं ती विसरली. वाजवणारे तेच तेच वाजवत राहिले, ती ओठ हलवत उभी. तेव्हा बाल्कनीतून एक बाई गाऊ लागली. तिच्यामागून रांग, मग सगळी बाल्कनी, मग खालचे. टेपवर ते सगळं आहे. सुरुवातीचा तो एकट्या बाईचा आवाजही आहे. इतका बेसूर, की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. ती तिकीटबाई होती.

काका पंचावन्न-छप्पन वर्षांचे झाले तेव्हा घरात मोबाईलचा गजर वाजत राहायचा आणि ते शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे. लेक हसायची. मग सभागृहात तक्रारी येऊ लागल्या. आवाज टोचतो. गाणाऱ्याचा 'स' कानात सुईसारखा जातो. काकांना तर आवाज मऊ वाटत होता, म्हणून ते मिक्सरवरची उंच आवाजांची पट्टी आणखी चढवत होते. बायकोच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. तिनं त्यांना दूरच्या एका दवाखान्यात नेलं, जिथं ओळखीचं कुणी नसेल. डॉक्टरनं सांगितलं, उंच आवाज जात चाललेत. कानात जी गुणगुण होतेय ती राहणार, वाढणार.

त्याच सुमारास सभागृहाला नवीन व्यवस्थापक आले होते. भला माणूस, पण हिशोबी. काकांना म्हणाले होते, "तुमचे कान आहेत तोवर तुम्ही आहात, टाळीकाका. कान गेले की आपण नवीन मशीन घेऊ आणि नवीन पोरगा." ते हसत म्हणाले होते. काका हसले नाहीत.

उपाय बायकोनंच काढला. तिकिटं संपली की ती खिडकी बंद करून वर यायची आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत उजव्या टोकाला बसायची. बरोबर काचेसमोर. आवाज टोचायला लागला की कानाच्या पाळीला हात. गाणाऱ्याचा आवाज दबला की गळ्याला हात. सगळं बरं असलं की मांडीवर हात. काका काचेतून तिच्याकडे बघत मिक्सरच्या पट्ट्या सरकवायचे. लोकांना वाटायचं, बाई काय रंगून ऐकतात!

"लग्नात सुखदुःखाचं बोलले होते," ती म्हणायची. "कानांचं कुणी बोललं नव्हतं."

असं पाच वर्षं चाललं. कुणाला पत्ता लागला नाही. उलट आवाज सुधारला म्हणून व्यवस्थापकांनी काकांची पाठ थोपटली. बायको खुर्चीत बसून मांडीवर हात ठेवून होती.

मग तो उन्हाळा आला. छताच्या वर, तुळयांवर लोखंडी सांगाडा ठोकून वातानुकूलनाची दोन मोठी यंत्रं बसवली. बाहेरची माणसं आली, चार दिवसांत काम करून गेली. त्यानंतरच्या पहिल्या मैफिलीच्या दिवशी चार वाजता काकांनी टाळी वाजवली आणि डोळे मिटले.

टाळी गेली, परत आली, विरू लागली. आणि विरता विरता वर कुठंतरी खर्र झालं. वाळलेल्या पानावर पाय पडावा तसं.

काकांनी दुसरी टाळी वाजवली. खर्र. तिसरी. आता त्यांना नक्की सांगता येईना. कानातली गुणगुण त्यात मिसळली होती. खर्र कुठं संपते आणि गुणगुण कुठं सुरू होते, कळेना. झाडूवाली बाई म्हणाली, "काय झालं, काका? आज तीन-तीन?"

"काही नाही. हात बसला नाही नीट."

ते वर गेले, वही उघडून पाच मिनिटं पेन धरून बसले. 'वर खरखर' असं लिहिलं तर उद्या सुतार स्वर्गात जाईल. काही सापडलं नाही तर? खाली येऊन कपडे झटकत म्हणेल, टाळ्या, कान तपासून घे रे. तो मस्करीतच म्हणेल. पण चार लोकांत म्हणेल, कारण त्याला सगळं चार लोकांत म्हणायची सवय. मग व्यवस्थापक ऐकतील. आणि बायको शेवटच्या रांगेत का बसते, तेही कुणीतरी जोडून बघेल.

बायकोला विचारता आलं असतं. पण चार वाजता ती खिडकीत असायची, समोर रांग. आणि एवढं तिचे कान उसने घेऊन झाल्यावर आता टाळीसुद्धा तिनंच ऐकायची, हे काकांच्या जिवावर आलं. टाळी तेवढी त्यांची स्वतःची उरली होती.

रात्री घरी न्हाणीघरात दार लावून ते शांत बसले. कानात खरखर होतीच. म्हणजे कानच.

त्यांनी 'ठीक' लिहिलं होतं. पुढच्या मैफिलीलाही 'ठीक'. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. दर वेळी खर्र व्हायची, दर वेळी थोडी मोठी, आणि दर वेळी काका मनाशी म्हणायचे, डॉक्टर म्हणालाच होता, वाढणार.

पाचव्या मैफिलीला बाल्कनीची शेवटची रांग सोडली तर सभागृह गच्च भरलं होतं. शेवटचं गाणं संपलं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. थांबेचनात. बाल्कनीतले पाय आपटायला लागले. काकांच्या समोर मिक्सरवरचा काटा लाल पट्टीत गेला आणि तिथंच चिकटला. कुठल्याही टाळ्यांनी जात नाही इतका. टेपवर आवाज फाटू नये म्हणून काकांनी सदतीस वर्षांच्या सवयीनं बोट पट्टीवर ठेवलं आणि आवाज खाली घेतला.

मग खूण बघायला काचेतून मान वर केली. काचेपलीकडे पांढरी धूळ होती. दुसरं काहीच नव्हतं.

बाल्कनीच्या शेवटच्या रांगेवरचं छत कोसळलं होतं. तिघं जखमी झाले. गेली ती एकटी तिकीटबाई. शेवटच्या रांगेची तिकिटं सहसा खपत नसत, म्हणून थोडक्यात निभावलं, असं लोक म्हणाले. काकांच्या तोंडावर म्हणाले.

महिन्याभरानं चौकशी समितीची तीन माणसं खालच्या दालनात टेबल मांडून बसली. काकांना विचारलं, "त्याआधी सभागृहाच्या आवाजात काही वेगळं जाणवलं होतं?"

"नाही," काका म्हणाले.

सुताराला विचारलं, "यंत्रं बसवल्यावर तुम्ही वर जाऊन पाहिलं नाही?"

"वहीत काही लिहिलं नव्हतं, साहेब. ठीक लिहिलं होतं."

"तुमची अक्कल कुठं गेली होती? वहीत लिहिल्याशिवाय जेवता का?"

अहवालात लिहून आलं की पूर्वसूचना नव्हती, परंतु सुतारानं स्वतःहून पाहणी करायला हवी होती. यंत्रं ठोकणारी माणसं कुणाला सापडली नाहीत. सुताराला काढलं. सभागृह बंद झालं आणि परत उघडलं नाही. जिन्यात सुतारानं काकांचा हात धरला होता. "टाळ्या, खरं सांग. काही ऐकलं होतंस?"

"नाही रे."

"मग मीच," सुतार म्हणाला आणि हात सोडला.

त्याला नऊ वर्षं झाली. काकांचे कान आता जवळजवळ गेलेत. दोन्हीकडे यंत्रं लावली तर समोरच्याचं बोलणं कळतं, तेही तोंडाकडे बघत. घरात एका भिंतीला चारशेबारा टेपा आहेत. सभागृह बंद झालं तेव्हा भंगारात जाणार होत्या, काकांनी टेंपो करून आणल्या. यंदा जुन्या रसिकांच्या एका मंडळाला त्या हव्याशा वाटू लागल्या. काकांची लेक कारखान्यात यंत्रांच्या तपासणीचं काम करते. तिनं एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला, बाबांच्या जेवणाच्या टेबलावर मांडला, कॉम्प्युटरला जोडला आणि दर रविवारी येऊन टेपा उतरवू लागली.

तिसऱ्या महिन्यात मंडळाच्या सचिवांचा फोन आला. म्हाताऱ्या गायिकेची टेप त्यांना फार आवडली होती. लेकीनं फोन बाबांसमोर धरून एकेक वाक्य मोठ्यानं सांगितलं. "ते म्हणताहेत, मधे एक बाई फार बेसूर आहेत. कॉम्प्युटरनं त्यांचा आवाज काढता येईल का?"

काकांनी तिला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "सांग त्यांना, उरलेले सगळे काढता येतील."

त्या दुपारी आईच्या शिलाई मशीनच्या खणात लेकीला आणखी पाच टेपा सापडल्या. पुठ्ठ्यांवर धूळ नव्हती. पुन्हापुन्हा हातात घेतलेल्या वस्तूंवर नसते तशी.

"बाबा, या वेगळ्या का?"

काकांनी पाचव्या पुठ्ठ्यावरची तारीख तिला दाखवली. ती खुर्चीत बसली.

मग त्यांनी तिला सांगितलं. न थांबता, टेबलाच्या कडेकडे बघत, जसं कुणी दुसऱ्याचं सांगावं तसं. खर्र, वही, ठीक, समिती, जिना. "मला अजून माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "कानात होतं की छतात होतं. नऊ वर्षं मी म्हणतोय कानात होतं. टेपला माहीत आहे. पण आता मला ऐकू येत नाही, आणि येत होतं तेव्हा मी लावली नाही."

"आणि कळून काय होणार, बाबा?"

"तू फक्त टाळी ऐक. टाळीनंतर काही आहे का ते सांग. पुढचं ऐकू नकोस."

आधी तिनं एक जुनी टेप लावली, यंत्र नीट आहे ना बघायला. काकांनी खुर्ची ओढून टेपरेकॉर्डरसमोर घेतली. टाळी वाजली, काकांना ती कुणीतरी शेजारच्या घरात भांडं ठेवल्यासारखी जाणवली. टेपरेकॉर्डरवरच्या काट्यानं उडी मारली आणि तो खाली आला. सरळ, एका दमात, घसरगुंडीवरून पोर यावं तसा.

"साफ आहे," लेक म्हणाली.

"आता ही."

तिनं हेडफोन लावले. पहिली टेप. काट्यानं उडी मारली, खाली येऊ लागला आणि अर्ध्यावर किंचित अडखळला. केसभर. मग खाली आला.

लेकीनं हेडफोन काढले. "काही नाही, बाबा. साफ आहे."

"बरं. दुसरी."

दुसऱ्या टेपेला काटा पुन्हा अर्ध्यावर थांबला, जरा जास्त. "काही नाही." तिसरी. चौथी. तिचा आवाज दर वेळी जास्त ठाम होत होता. पाचव्या टेपेला काटा खाली येता येता परत वर गेला, थरथरला, परत एकदा वर गेला आणि मगच पडला. लेकीनं ताबडतोब बटण दाबून टेप थांबवली.

"काही नाही. बाबा, खरंच काही नाही. तुमच्या कानातच होतं ते. आता सोडा."

काका हसले. नऊ वर्षांत लेकीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि परत पाहावंसं तिला वाटलं नाही.

"खोटं बोलताना तू आईसारखी डावीकडे बघतेस," ते म्हणाले. "ती पण एकदा मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि खाली लोक कान झाकून होते. त्या दिवशी माझा वाढदिवस होता."

"तुम्हाला कसं..."

त्यांनी काट्याकडे बोट केलं. "हे ऐकायला कान लागत नाहीत."

लेक टेबलावर डोकं ठेवून रडू लागली. काकांना तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, खांदे दिसत होते. ते उठले, खणातून पेन काढलं, पाचही पुठ्ठे ओळीनं मांडले आणि प्रत्येकावरचं 'ठीक' खोडून बाजूला लिहिलं: 'वर खरखर आहे. चढून पाहावे.' खाली आजची तारीख घातली आणि सही केली. पगारपत्रकावरच्या नावानं.

"हे मंडळाला दे. समितीतलं कुणी जिवंत असेल तर त्याला मी वेगळं लिहून देतो."

"बाबा, कोण वाचणार आहे आता?"

"एकजण आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या मोबाईलमध्ये त्या पाच टाळ्या घेऊन दोघं सुताराकडे गेले. त्याचं घर बाजारामागच्या गल्लीत, पुढच्या पडवीत दुकान. सभागृहाचे दरवाजे बसवणारा माणूस आता लोकांच्या मोडक्या खुर्च्यांचे पाय जोडत होता. पाठीला बाक आलेला. काकांना बघून त्यानं रंधा बाजूला ठेवला.

"टाळ्या? अरे, मेलास की जिवंत आहेस ते तरी कळवायचं."

"जिवंत आहे."

"आणि ही? बाप रे, केवढी झाली. आईसारखी दिसतेस ग." एवढं बोलून तो वळला. मग स्टूल पुढं सरकवलं. "बस. याचा एक पाय आखूड आहे, सांभाळून."

काका बसले नाहीत. त्यांनी उभ्यानंच सांगितलं. लांबवलं नाही. "मी ऐकलं होतं. पाच वेळा. लिहिलं नाही. कान गेलेत हे कळू नये म्हणून."

सुताराचा चेहरा हलला नाही. त्यानं लेकीकडे हात पुढं केला, तिनं हेडफोन त्याच्या कानाला लावले. त्यानं पाचही टाळ्या ऐकल्या. मग पाचवी परत ऐकली, डोळे मिटून, जसे काका पूर्वी मिटायचे. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि डोक्यावरच्या हवेत काहीतरी चाचपू लागला.

"तिसरी तुळई," तो म्हणाला. "उजवीकडून. यंत्राच्या वजनानं गिलावा धरणाऱ्या लाकडी पट्टीचे खिळे हलले आहेत. हादरा बसला की पट्टी गिलाव्यावर घासते." त्यानं हेडफोन काढून बाकावर ठेवले. "पहिल्या टाळीलाच कळतंय रे. एक टेकू आणि सहा खिळे. दहा मिनिटांचं काम होतं."

गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली. काकांनी ती पाहिली.

"रोज चढतो मी वर," सुतार म्हणाला. तो आता काकांच्या तोंडासमोर येऊन बोलत होता, एकेक शब्द सुटा, बहिऱ्याला कळावा म्हणून. "डोळा लागला की चढतो. आणि रोज मला काही सापडत नाही, कारण कुठं बघायचं तेच माहीत नाही. नऊ वर्षं. बायको म्हणायची, तुमची चूक नाही हो. ती गेली दोन वर्षांपूर्वी. तिला सांगायला पाहिजे होतंस."

"हो."

"तिकीटबाई माझ्या बहिणीसारखी होती."

"हो."

"हो हो काय करतोस!" सुतार ओरडला. मग त्याचा आवाज खाली आला. "माफी मागायला आला असशील तर माझ्याकडे नाही ती. तुझ्याजवळ ठेव."

"मागायला नाही आलो," काका म्हणाले. "लिहायला आलो. तू म्हणायचास ना, तू लिही."

सुतारानं ती मोडकी खुर्ची उलटी करून तिचा पाय हलवून पाहिला. "ती टाळी कुठं आहे?"

"घरी."

"आणून दे. मी बनवली होती."

दुपारी काका एकटेच परत आले, फळ्या जुन्या पंच्यात गुंडाळून. सुतारानं त्या हातात घेतल्या, मुठींवरून अंगठा फिरवला. सदतीस वर्षांच्या हातानं लाकूड तिथं काळं, गुळगुळीत झालं होतं. काकांना वाटलं, तो आता एकदा वाजवेल. तो वाजवणार असेल तर ऐकू यावी म्हणून त्यांनी कानातली यंत्रं नीट बसवली.

सुतारानं वाजवली नाही. पेचकस घेतला आणि बिजागरीचे चार स्क्रू एकेक करून काढले. बिजागरी खिळ्यांच्या डब्यात टाकली. दोन्ही फळ्या उजेडात धरून कडेनं बघितल्या, सरळ आहेत की वाकल्यात ते. मग भिंतीला टेकून ठेवलेल्या बाकीच्या लाकडांत त्या उभ्या करून ठेवल्या.

"चांगलं लाकूड आहे," तो म्हणाला. "पाय होतील."

आणि खाली बसून त्यानं रंधा उचलला. काका थोडा वेळ तिथंच उभे राहिले. लाकडाची सालपटं पायाशी पडत होती, सुताराचे ओठ हलत नव्हते, म्हणजे आणखी काही बोलायचं नव्हतं. मग ते आखूड पायाच्या स्टुलाला वळसा घालून गल्लीत उतरले.